वजनकाट्यावरचं वजन थ्रेडमधून (प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम) टीकिंटरच्या (पायथनमधली खिडक्या बनवायची लायब्ररी) खिडकीत कसं दाखवू? खिडकी मध्येच गोठते

काटा जोडलेला सीरिअल पोर्ट वाचणाऱ्या थ्रेडमधूनच तुम्ही लेबल बदलताय, तिथेच घोळ आहे. विजेटला (खिडकीतलं लेबल, बटण वगैरे) हात फक्त खिडकी चालवणाऱ्या मेन थ्रेडने लावायचा. काट्याच्या थ्रेडने वजन, वेळ, गाडी नंबर असं टपल (एकत्र बांधलेला संच) करून क्यूमध्ये (रांगेत) टाकायचं, बस्स. इकडे मेन थ्रेडने ‘आफ्टर’ (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारी सोय) लावून दर 100 मिलिसेकंदांनी ‘गेट नोवेट’ने (न थांबता क्यूमधून पुढचं काढणं) क्यू रिकामी करायची. क्यू रिकामी झाल्याचं ‘एम्प्टी’ एक्सेप्शन आलं की थांबायचं आणि पुन्हा ‘आफ्टर’ लावायचं. तो पुन्हा लावायला विसरलात तर क्यू एकदाच तपासली जाईल.

क्यूऐवजी ग्लोबल व्हेरिएबल (सगळ्या थ्रेडना दिसणारी, एकच वजन मावणारी जागा) मात्र नको. नाशिकजवळ पिंपळगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे मी तोच शहाणपणा केला होता. पाठोपाठ दोन ट्रॅक्टर काट्यावर आले, पहिल्याचं वजन दिसायच्या आतच पुसलं गेलं! शेतकरी पावतीसाठी खोळंबला तो वेगळाच.