वनरक्षकाची नोकरी लागली, पण मन लागत नाही

"मॅडम, एवढ्या मुलांमधून नंबर लागला. आता सोडते म्हटलं तर घरचे वेड्यात काढतील. पण मला नाही जमत." वनरक्षक म्हणून नव्यानं रुजू झालेली मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा थोड्याफार फरकानं हेच बोलतात. त्यातल्या एका मुलीची ही गोष्ट, तिच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

शेतकऱ्याघरची, बीएस्सी झालेली मुलगी. भरतीत चार तासांत 16 किलोमीटर चालायची चाचणी तिनं सहज पार केली होती. प्रशिक्षण झालं आणि चंद्रपूर जिल्ह्यात बीट, म्हणजे एका वनरक्षकानं सांभाळायचा जंगलाचा भाग, मिळाली. व्याघ्रप्रकल्पाबाहेरची बीट, म्हणजे गाव, धानाची शेतं आणि जंगल एकमेकांत मिसळलेलं. एप्रिलमध्ये ती आईवडिलांना घेऊन आली. आईच्या डोक्यात एकच गोष्ट होती, वाघ. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात गणनेच्या कामावर असलेल्या महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला, ती बातमी आईच्या मनातून जात नव्हती. वडील म्हणत होते, "सरकारी नोकरी कोणी सोडते का?" मुलगी म्हणाली, घरची आठवण येते, बाकी काही नाही.

दोघांना बाहेर बसवून मी तिला झोपेबद्दल विचारलं. तिनं मोबाईल पुढे केला. उपग्रहाला जंगलात आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाचा इशारा नोंदवलेल्या मोबाईलवर येतो, मग ती जागा गाठून आग विझवायची आणि अहवाल द्यायचा. इशारा रात्रीही येतो. हिला मात्र इशारा नसतानाही दोन वाजता जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. सुटीवर घरी आली तरी तेच. जेवण कमी झालं होतं, पंचनाम्याचे कागद लिहायचे राहत होते. मोहाचा वास आला की मळमळतं, असं ती जाता जाता बोलून गेली. मी तिथंच थांबले.

मोह गळायच्या दिवसांत जंगलभर तोच वास असतो. तिच्या बीटमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईवर वाघानं हल्ला केला होता. दोन वनमजुरांना घेऊन ही सगळ्यात आधी पोचली. वरिष्ठ आणि पोलीस येईपर्यंत मृतदेहाजवळ थांबणं भाग होतं. गर्दी वाढत गेली. "तुमचा वाघ तुम्ही सांभाळा" म्हणत लोक अंगावर आले. आईच्या वयाच्या एका बाईनं तिच्या गणवेशाची कॉलर धरून तिला गदागदा हलवलं. टोपली उपडी पडली होती आणि फुलं मातीत सांडली होती. हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर आईनं परत जाऊ दिलं नसतं. कार्यालयात कोणीतरी म्हणालं होतं, "सवय होते." मला हे अजिबात मान्य नाही. असा प्रसंग पाहिलेल्या माणसाशी त्याच आठवड्यात कोणीतरी नीट बसून बोललं पाहिजे, मग तो वनमजूर असो की अधिकारी.

आईला वाघाची भीती होती. मुलीला लोकांच्या नजरेची होती. उद्या त्याच गावात कुऱ्हाड जप्त करायला, नाहीतर आग कोणी लावली हे विचारायला जायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. मी तिला सांगितलं की झोप उडणं, वासानं मळमळणं हा त्या प्रसंगाचा घाव आहे, त्यावर उपचार होतो. त्यावरून "मी या नोकरीच्या लायक नाही" असा निकाल लावायचा नाही. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, कारण आठवडे न् आठवडे झोप नसेल तर नुसत्या बोलण्यानं भागत नाही.

राजीनाम्याचं म्हणाल तर माझा आग्रह एवढाच होता की तो आगीच्या हंगामात लिहायचा नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा काळ वनरक्षकाला पिळून काढतो. मोह, तेंदू, आग, पाणवठे, सगळं एकदम. "लिहायचाच असेल तर पोळा झाल्यावर लिही," मी म्हटलं. वडिलांना स्वतंत्र बोलावून घेतलं आणि नोकरी सोडण्याचा विषय तोपर्यंत घरात काढायचा नाही, एवढं कबूल करून घेतलं.

तिच्या वनपालांनी, म्हणजे तिच्या लगतच्या वरिष्ठांनी, मात्र लगेच हात दिला. रात्रीच्या आगीला तिनं आणि शेजारच्या बीटच्या गार्डनं आळीपाळीनं जायचं ठरलं. सुटीत चार्ज खरोखरच दुसऱ्याकडे गेला, म्हणजे फोन बंद ठेवता आला. गर्दीसमोर तिनं एकटीनं उभं राहायचं नाही, हेही ठरलं. ती जागा टाळण्यासाठी ती लांबचा फेरा घ्यायची. वनमजुरांना सोबत घेऊन ती दिवसाउजेडी त्या वाटेनं पुन्हा जायला लागली, आधी लांबून, मग जवळून.

गावाशी बोलणं सुरू झालं ते मोहावरूनच. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग पसरते. पेटवण्याऐवजी झाडून घ्या, एकटीनं जाऊ नका, उजाडल्यावर गटानं जा, प्राथमिक प्रतिसाद दलातली, म्हणजे वनविभागाला मदत करणारी गावातलीच पोरं सोबत येतील, हे ती घरोघर सांगत फिरली. काही बायकांनी ऐकलं, काहींनी तोंड फिरवलं. कॉलर धरणारी बाई अजून तिच्याशी बोलत नाही.

पोळ्यानंतर ती आली तेव्हा झोप बरीच सुधारली होती. राजीनामा तिनं लिहिला नव्हता, बदलीचा अर्ज मात्र दिला होता. वनक्षेत्रपालाच्या परीक्षेचा अभ्यासही सुरू केला होता. घरी तिनं सगळं सांगितलं. आई आता रोज संध्याकाळी फोन करते आणि रेंज नसली तर दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघते.

तुमची झोप अशीच गेली असेल, एखादा वास, आवाज किंवा जागा नकोशी झाली असेल, तर बदली मिळेपर्यंत थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो. जंगलात रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी गावात आल्यावर फोन करा.