अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या अॅलेघेनी काउंटी कोर्टहाऊसमध्ये थेट तळघरातून का शिरावं लागतं?

कारण इमारत जागच्या जागी राहिली, रस्ता खाली गेला. जुनं कोर्ट 1882 मध्ये जळाल्यावर वास्तुविशारद एच. एच. रिचर्डसन यांनी हे रोमनेस्क (गोल कमानी, जाड दगडी भिंतींच्या) शैलीत, खडबडीत ग्रॅनाइटात बांधायला घेतलं. 1886 मध्ये ते वारले, काम 1888 मध्ये पुरं झालं. पुढे 1913 च्या सुमारास समोरच्या ग्रँट स्ट्रीटचा चढ खणून काढला आणि मूळ दरवाजे अधांतरी राहिले. आधी बाहेरून जिना जोडला. रस्तारुंदीत तोही गेला, मग तळघरालाच दारं पाडली. म्हणून दर्शनी कमानी आज डोक्यावर दिसतात.

उंच मनोरा नुसता शोभेचा नाही हं: पोलाद गिरण्यांच्या काजळीच्या वरची हवा त्यातून आत ओढली जाई. पूर्वीच्या तुरुंगाकडे जाणारा दगडी पूल मागच्या बाजूला आहे, तो चुकवू नका.