हलकं ठरवूनही स्पॅरिंग तापतं ते का, आणि त्यावर काय करावं

तुमचा प्रश्न नीट वाचला. स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची लढत, हलकंच करायचं असं दोघांनी ठरवलेलं असतं, पहिलं मिनिट ठीक जातं, दुसऱ्या राउंडपर्यंत दोघंही जोरात हाणायला लागता आणि नंतर तुम्ही म्हणता सुरुवात पार्टनरने केली, तो म्हणतो तुम्ही केलीत. मागच्या आठवड्यात एक हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसून दिवसभर डोकं दुखत राहिलं, तरी दोन दिवसांनी परत राउंड खेळलात. आता हेडगार्ड घ्यावं की पार्टनर बदलावा, असं विचारलंय. हे दुखणं माझ्या चांगलं ओळखीचं आहे, म्हणून लांबलचक लिहितोय. गार्ड, फूटवर्क, हँडरॅप वगैरे तुम्हाला येतंच असं धरून चालतो. आणि मी डॉक्टर नाही, तुमचा कोचही नाही. माझं बोलणं मुख्यतः बॉक्सिंग-किकबॉक्सिंगच्या अंगाने आहे.

आधी त्या डोक्याचं. फटक्यानंतर दिवसभर डोकं दुखणं म्हणजे डॉक्टर 'नाही' म्हणेपर्यंत कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसलाय असंच धरायचं. शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झालं नाही, हा समज सगळ्यात घातक. बहुतेक कन्कशनमध्ये माणूस शुद्धीवरच असतो. लक्षणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही येतात: मळमळ, उजेड सहन न होणं, चिडचिड, विचार मंदावणं, झोपेचं बिघडणं. संशय आला की त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये उतरायचं नाही, मग नंतर कितीही बरं वाटो. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, म्हणजे अंथरुणाला खिळून राहणं नव्हे. थोडं चालणं चालतं, मोबाइल-स्क्रीन कमी. मग हलका व्यायाम, मग एकट्याने शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे), लक्षणं पूर्ण गेल्यावर पॅड्स (दुसऱ्याने हातात धरलेल्या गाद्यांवर मारणं), आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच स्पॅरिंग. प्रत्येक पायरीला निदान २४ तास, आणि डोकं पुन्हा धरलं तर एक पायरी मागे. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढतच असेल, झटका आला, बोलणं अडखळलं, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा आला, मान दुखायला लागली किंवा माणूस जागा राहीनासा झाला, तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. पहिली दुखापत भरून यायच्या आत दुसरा फटका बसणं क्वचित प्रसंगी जिवावर बेततं, म्हणून हे इतकं ताणून सांगतोय.

आता मूळ दुखणं. तुम्ही दोघंही खरं बोलताय. 'तूच आधी जोरात मारलंस' हे दोघांनाही मनापासून वाटतं, कारण आपल्या हाताने दिलेला जोर आपल्याला कमी जाणवतो आणि बाहेरून आलेला पूर्ण जाणवतो. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्यामागेही हेच आहे: आपल्या हालचालीचा परिणाम मेंदू आधीच धरून चालतो आणि तेवढी जाणीव वजा करतो. २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लंडनच्या संशोधकांचा एक छोटा प्रयोग आला होता. दोन माणसं आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब देणार, सूचना एकच: जेवढा दाब मिळाला तेवढाच परत द्या. तरीही दर खेपेला दाब सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. चार खेपांत साडेतीन पटीच्या वर. तिथे ना अहंकार होता, ना घाम, ना बघणारे लोक. बोटावरचा दाब आणि गालावरचा हुक एक नव्हेत हे मान्य, पण दिशा तीच आहे.

म्हणून स्पॅरिंगमधली सगळ्यात महागात पडणारी चूक माझ्या मते ही: जोरात बसलेल्या ठोशाला ठोशाने उत्तर देणं. बहुतेक लोक ते रागाने करत नाहीत. 'जेवढं त्याने दिलं तेवढंच देतोय' असं प्रामाणिकपणे समजूनच करतात. मनाशी 'आज हलकं खेळायचं' असं पक्कं करून हे थांबत नाही, कारण बिघाड निश्चयात नसून मोजण्यात आहे. तेव्हा मोजमाप स्वतःकडे ठेवायचंच नाही, ते ठोसा खाणाऱ्याकडे द्यायचं.

प्रत्यक्षात असं करा. राउंडच्या आधी तीन गोष्टी तोंडाने बोला: कुठे मारायचं, किती जोरात, आणि थांबायचा शब्द कोणता. 'डोक्याला फक्त स्पर्श, पोटाला मध्यम, लो किक (पायावर मारलेली लाथ) बंद, थांब म्हटलं की दोघांचे हात खाली.' पाच सेकंदांचं काम आहे. मग घड्याळ सुरू करण्याआधी एकमेकांच्या कपाळावर तीन-तीन जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) द्या आणि विचारा, 'इतकं चालेल?' समोरचा 'कमी' म्हणाला की कमी. 'अरे, हे तर काहीच नाही' हे उत्तर इथे चालत नाही. ज्याच्या डोक्यावर बसलं त्याचा शब्द शेवटचा. दोन मिनिटांचा राउंड असेल तर एका मिनिटाला थांबून ग्लोव्ह टेकवा आणि पुन्हा विचारा. आणि जोरात बसलाच, तर लगेच हात चालवायचा नाही. एक पूर्ण पाऊल मागे, ग्लोव्ह पुढे करून 'कमी' म्हणायचं, समोरच्याने मान हलवली की पुढे. त्यानंतरचा तुमचा पहिला ठोसा तुम्हाला बरोबर वाटतो त्याच्या निम्म्याने द्या. तो तुम्हाला हास्यास्पद हलका वाटेल. समोरच्याला तो बरोबर वाटतो.

'तीस टक्के', 'पन्नास टक्के' ही भाषा मी सोडून दिली आहे. ८५ किलोच्या माणसाचे तीस टक्के ५५ किलोवाल्याला शंभराच्या जवळ वाटू शकतात. त्यापेक्षा डोळ्याला दिसणारं माप घ्या. चेहऱ्यावर ठोसा बसल्यावर हनुवटी जागची हलली का? मान मागे किंवा बाजूला झटकली का? हलली असेल तर तो हलका नव्हता, मारणारा काहीही म्हणो. पोटासाठी माप असं: ठोसा बसल्यावर लगेच सरळ एक वाक्य बोलता आलं पाहिजे. बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याला फक्त हनुवटीकडे बघायचं काम द्या, त्याला 'थांब' म्हणायचा अधिकार द्या. याने जितका फरक पडतो तितका कुठल्याही सामानाने पडत नाही.

हलकं म्हणजे संथ, असा घोळ फार होतो. संथ ठोशाने दोघांचंही टायमिंग बिघडतं. दुसरा घोळ म्हणजे ठोसा मुद्दाम आखूड टाकणं, नाकाच्या चार बोटं आधीच थांबवणं. त्याने अंतराची सवय चुकते आणि समोरचा बचाव करायचाच सोडून देतो. वेग ठेवा, वजन काढा. म्हणजे वजन दोन्ही पायांच्या मध्ये राहू द्या, पुढच्या पायावर ओतू नका. मनगट सरळ, अंगठा बोटांना बाहेरून टेकलेला, पण बसण्याच्या क्षणी मूठ आवळू नका. हात जवळजवळ पूर्ण लांबला असतानाच ग्लोव्ह कातडीला लागावा, म्हणजे पुढे आत घुसायला हात उरतच नाही. आणि गेला त्याहून वेगाने परत यावा. हुकमध्ये हे सगळ्यात अवघड जातं, कारण तिथे अंग फिरतं आणि हात लांबून संपत नाही. मला विचाराल तर तुम्ही दोघांनी महिनाभर डोक्याला हुक बंद ठेवावा, पोटाला चालू ठेवावा.

अपघाती जोरकस ठोशांचं आणखी एक कारण लोक धरत नाहीत: दोघंही एकाच वेळी आत येतात. तुमचा जॅब हलका असला तरी समोरचा पुढे धावत आला तर दोन्ही वेगांची बेरीज होते. म्हणून समोरचा आत येताना दिसला की हात कोपरात वाकू द्या, ताठ ठेवू नका.

किकचं थोडक्यात. गुडघा आधी वर आणून मग पाय उलगडला तर शेवटच्या क्षणी थांबवता येतो. कमरेतून सरळ पाय फिरवून मारलेली किक अर्ध्यात थांबत नाही. पुश किक पोटाला किंवा कमरेला, टाचेने टोचायची नाही, तळव्याने ढकलायची. गुडघ्याच्या सांध्यावर कुठलीच किक नको, समोरून नको आणि बाजूने तर मुळीच नको. समोरच्याच्या उजव्या बरगड्यांखाली, यकृतावर बसलेला ठोसा किंवा किक हलकी असली तरी माणूस क्षणभर उभा राहून मग खाली बसतो. तो बसेपर्यंत तुमचे पुढचे दोन हात गेलेले असतात, म्हणून तिथे मारल्यावर क्षणभर थांबायची सवय लावा. पकडलेला पाय एक सेकंद धरून सोडा. आधी ठरलं नसेल तर दुसरा पाय उडवू नका. कुस्ती-जुजुत्सूच्या अंगाचं खेळत असाल तर वेगळे नियम लागतात, तरी एक सांगतो: हील हुकसारख्या (टाच धरून पाय पिळणाऱ्या) डावात दुखायला लागेपर्यंत गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा होऊन गेलेली असू शकते. पकड बसली की लगेच टॅप, म्हणजे थाप मारून 'सोड' सांगणं, हात अडकला असेल तर तोंडाने. आणि धरणाऱ्याने टॅपची खात्री करत बसू नये, सोडावं.

आता थोडं मनातलं. स्पॅरिंगमध्ये नव्या माणसाची 'परीक्षा' घेणारे क्लास असतात. मला माहीत असलेल्या एका क्लासचं नाव घेत नाही, पण तिथे 'जोरात मारतात' अशी तक्रार ऑफिसात केली की 'मग हा खेळ तुमच्यासाठी नाही' हे ठरलेलं उत्तर मिळायचं. हे शिकवणं नव्हे. घाबरलेला नवशिका डोळे मिटून, मान खाली घालून हात फिरवतो आणि त्यातून पुढच्या दुखापती होतात. वर राउंड संपताना सर ओरडतात, 'शेवटचे दहा सेकंद, सगळं काढा!' बॅगवर हे ठीक आहे. समोर माणूस असताना, दोघंही दमलेले आणि हात खाली आलेले असताना, हे ओरडणं ताबडतोब बंद व्हायला हवं. दमल्यावर आधी जातो तो ताबा. त्यामुळे स्पॅरिंग वॉर्मअपनंतर लगेच घ्यावं, बर्पी आणि दोरीउड्या नंतर.

हेडगार्डबद्दल: भुवई फुटणं, कान सोलवटणं, डोक्याला डोकं आपटणं यासाठी घ्या, जरूर घ्या. पण मेंदू कवटीच्या आत हलतो, आणि ते हलणं बाहेरची गादी थांबवत नाही. वर डोकं आकाराने मोठं होतं, बाजूचं कमी दिसतं, आणि दोघांनाही उगाच धीर येतो. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंगमध्ये २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविनाच खेळले. त्यावर वाद आहेत, आणि त्यावरून 'सरावात गरजच नाही' असाही अर्थ काढू नका. घेतलंत तर पट्टा आवळून डोकं जोरात हलवून बघा. गार्ड सरकून डोळ्यावर येत असेल तर ते नसलेलं बरं.

माउथगार्ड मात्र पहिल्या दिवसापासून, गरम पाण्यात मऊ करून दातांवर नीट बसवलेलं. तोंड उघडल्यावर खाली पडत असेल तर परत बसवा. ग्लोव्ह १६ औंसाचे, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचे. अंगाने हलक्यांना १४ चालतात. बॅगवरचे ग्लोव्ह स्पॅरिंगला वापरू नका, रोजच्या माराने त्यांची गादी बसते. बोटांच्या सांध्यांवर बाहेरून अंगठा दाबून बघा. आतली हाडं हाताला लागली तर ते ग्लोव्ह स्पॅरिंगमधून बाद. मोठा ग्लोव्ह घातला म्हणून जोर वाढवायचा परवाना मिळत नाही, उलट हाताचं वजन वाढलेलं असतं. नखं कापलेली, अंगठी-कडं काढलेलं, हे आहेच.

पार्टनर बदलायचा का? लगेच नको. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तो वाईट माणूस वाटत नाही. पण तुम्ही दोघंही साधारण वर्षभराचेच आहात, आणि दोन नवखे समोरासमोर ही जोडी मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण जोर कमी करून दाखवणारं कोणीच नसतं. डॉक्टरांचा होकार आल्यावर दोघांनी आधी ठरलेले राउंड खेळा: एकात तुम्ही फक्त जॅब आणि तो फक्त बचाव, पुढच्यात उलट, मग दोघांना फक्त जॅब, मग फक्त खांद्याला आणि पोटाला. मधूनमधून तुमच्यापेक्षा बऱ्याच जुन्या कोणाबरोबर एकेक राउंड मागून घ्या, हलका हात कसा असतो ते अंगावर कळतं. चार-पाच सरावांनंतरही 'कमी' म्हटल्यावर त्याचा हात कमी होत नसेल, तर सरांना स्पष्ट सांगा की याच्याबरोबर मोकळा राउंड खेळणार नाही, ठरलेला खेळेन. सर ऐकत नसतील तर त्या राउंडला पॅड्स धरून बाजूला उभे राहा.