वाचकांचे प्रश्न : ‘ओपेनहायमर’ पाहून आल्यावर

गेल्या अंकात शास्त्रज्ञांवरील चित्रपटांविषयी वाचकांनी लिहावे, असे या सदरात सुचवले होते. एखाद-दुसरे पत्र सोडल्यास सर्वांनी ‘ओपेनहायमर’वरच लिहिले, याचे मला आश्चर्य वाटले नाही, पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांच्यावरील, २१ जुलै २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या या तीन तासांच्या चित्रपटावर पुण्यात अजूनही दिवाणखान्यांत आणि टेकडीवरच्या सकाळच्या फेऱ्यांत वाद रंगतात. पत्रे पुष्कळ असली तरी मुद्दे मोजकेच आहेत, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : स्फोट दिसला, पण कितीतरी वेळ आवाजच आला नाही. आमच्या पुढच्या रांगेतील एकाने तर ‘आवाज, आवाज!’ अशी हाकही दिली. हा दिग्दर्शकाचा चमत्कृतीचा सोस आहे, की प्रत्यक्षातही असे घडते? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ती हाक वाचून मला जुन्या एकपडदा चित्रपटगृहांची आठवण झाली, परंतु या वेळी यंत्रचालकाचा काही अपराध नव्हता. १६ जुलै १९४५ रोजी पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा ओपेनहायमर ज्या नियंत्रण-खंदकात होते तो स्फोटाच्या मनोऱ्यापासून सुमारे ९ किलोमीटरवर होता. प्रकाश तेथे तत्क्षणी पोहोचला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर या गतीने येतो, म्हणजे त्याला जवळजवळ २७ सेकंद लागणारच होते. तळछावणी १६ किलोमीटरवर होती, तेथे पाऊण मिनिटाहून थोडा अधिक वेळ गेला असणार. (स्वारगेट ते सिंहगड हे सरळ रेषेतील अंतर याहून किंचित जास्तच भरेल, त्यावरून कल्पना करावी.) सुमारे ३२ किलोमीटरवरील टेकडीवर जमलेल्यांना तर दीड मिनिट वाट पाहावी लागली. आकाशात वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत आकडे मोजण्याचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी खेळलेला आहे. हा त्याचाच भयंकर आविष्कार होता.

या शांततेचा सर्वांत सुंदर उपयोग पदार्थवैज्ञानिक एन्रिको फर्मी यांनी केला. ते तळछावणीत उभे होते. स्फोटानंतर, त्यांच्याच अंदाजाने, सुमारे ४० सेकंदांनी हवेचा धक्का पोहोचला, त्या सुमारास त्यांनी हातातील कागदाचे कपटे खाली सोडले, ते सुमारे अडीच मीटर दूर जाऊन पडले, आणि तेवढ्यावरून त्यांनी स्फोटाची शक्ती १०,००० टन टीएनटी या स्फोटकाइतकी असावी असा अंदाज बांधला. पुढे मोजमापांनी हा आकडा दुपटीहून अधिक ठरवला, तरीही कागदाच्या कपट्यांवरून केलेले अनुमान म्हणून ते थक्क करणारेच आहे. चित्रपटाने एक सवलत मात्र घेतली आहे. निरनिराळ्या ठिकाणच्या माणसांचे चेहरे त्याने एकाच शांततेत गुंफले आहेत. प्रत्यक्षात ही शांतता प्रत्येकासाठी वेगळ्या लांबीची होती. मला ही सवलत मान्य आहे, कारण तिने घटना बदलत नाही, केवळ घड्याळे एक होतात.

प्रश्न : गीतेतील श्लोक शय्यागृहातील प्रसंगात आणल्यामुळे आमच्या घरातील ज्येष्ठ मंडळी व्यथित झाली. शिवाय ‘कालोऽस्मि’चा अर्थ ‘मी मृत्यू आहे’ असा करणे हे चुकीचे भाषांतर नव्हे काय? (एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो, म्हणून पूर्वार्ध आधी संपवतो. तो प्रसंग कल्पित आहे. त्यातील ओपेनहायमर यांची प्रेयसी जीन टॅटलॉक ही व्यक्ती खरी आणि ओपेनहायमर यांचे संस्कृतप्रेमही खरे, परंतु या दोहोंची तशी गाठ पडल्याची नोंद नाही. ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांना मी नावे ठेवणार नाही. माझी तक्रार निराळी, म्हणजे कारागिरीची आहे. ओपेनहायमर १९३३ पासून बर्कली येथे आर्थर रायडर या प्राध्यापकांकडे संस्कृत शिकत होते, गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे पाठासाठी जात होते, पुन्हा विद्यार्थी होण्यातील सुख भावाला पत्रातून कळवत होते आणि आपल्या मोटारीला त्यांनी ‘गरुड’ असे नाव ठेवले होते. पदार्थविज्ञानाचा एक तरुण प्राध्यापक संध्याकाळी दुसऱ्या प्राध्यापकासमोर वही उघडून विभक्ती गिरवीत बसला आहे, हे दृश्य हाताशी असताना दिग्दर्शकाने गीता कपाटातील शोभेची वस्तू करून टाकली.

आता श्लोक. अकराव्या अध्यायातील बत्तिसावा श्लोक ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो’ असा सुरू होतो आणि त्यातील ‘काल’ म्हणजे लोकांचा क्षय करणारा, वाढत गेलेला काळ होय. रायडर यांनी आपल्या इंग्रजी भाषांतरात येथे मृत्यू हाच शब्द घेतला होता आणि शिष्याने गुरूचे वळण उचलले. इंग्रजीत वेळ आणि मृत्यू यांसाठी दोन वेगळे शब्द असल्यामुळे भाषांतरकाराला एकाची निवड करावी लागते. आपल्याला ती अडचण नाही. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या काळाचे दोन्ही अर्थ एकाच दमात उच्चारले जातात. ज्ञानेश्वरांनीही ‘तरी मी काळु गा हें फुडें’ एवढेच म्हणून पुढे लगेच लोक गिळायला पसरलेली तोंडे दाखवली आहेत. म्हणून या भाषांतराला चूक म्हणण्यापेक्षा अर्धे म्हणणे मला योग्य वाटते.

त्याहून मोठा गैरसमज दुसराच आहे, आणि तो चित्रपटाने अधिक पक्का केला. अनेक प्रेक्षकांना वाटले की ओपेनहायमर स्वतःला जगाचा संहारक म्हणवून घेत होते. १९६५ साली दूरचित्रवाणीवर त्यांनी ‘आता मी मृत्यू झालो आहे, जगांचा संहारक’ ही ओळ सांगितली, तेव्हा तिच्याआधी त्यांनी प्रसंगही सांगितला होता : राजपुत्राने आपले कर्तव्य करावे म्हणून देव त्याचे मन वळवीत आहे आणि त्यासाठी विश्वरूप धारण करीत आहे. म्हणजे या गोष्टीत त्यांची जागा बोलणाऱ्याची नसून ऐकणाऱ्याची, अर्जुनाची आहे. पुढच्याच श्लोकात ‘निमित्तमात्रं भव’ ही आज्ञा येते. सरकारने सोपवलेले काम पार पाडणाऱ्या माणसाला ही आज्ञा किती सोयीची आणि किती बोचरी वाटली असेल, याचा विचार करून पाहावा. स्फोटाच्या क्षणी ते प्रत्यक्षात काय बोलले, याविषयी त्यांचे बंधू फ्रँक यांची आठवण अगदी साधी आहे : ‘जमले’, एवढेच आम्ही म्हणालो असू.

प्रश्न : बॉम्बच्या स्फोटाने पृथ्वीचे वातावरण पेट घेईल या भीतीने ओपेनहायमर खरोखरच आइन्स्टाइन यांच्याकडे गेले होते काय? (एक अभियांत्रिकी विद्यार्थी, चिंचवड)

उत्तर : नाही. १९४२च्या उन्हाळ्यात ही शंका प्रकल्पातील पदार्थवैज्ञानिक एडवर्ड टेलर यांनी काढली, तेव्हा ओपेनहायमर मिशिगनमध्ये सुटीवर असलेल्या आर्थर कॉम्प्टन या ज्येष्ठ पदार्थवैज्ञानिकांना जाऊन भेटले. आइन्स्टाइन यांना सुरक्षेच्या कारणावरून अणुबॉम्बच्या प्रकल्पापासून दूरच ठेवले होते. प्रेक्षकांना ओळखीचा चेहरा मिळावा म्हणून हा बदल केल्याचे दिग्दर्शकाने स्वतःच सांगितले आहे. नाव बदलले एवढ्यावर मी अडून बसणार नाही. मात्र ही टांगती तलवार पडद्यावर चाचणीच्या पहाटेपर्यंत लटकत ठेवली आहे, ते मला पटत नाही. त्यांचे सहकारी हान्स बेथे यांनी टेलर यांच्या गणितातील गृहीतके तपासून हा धोका जवळजवळ निकालात काढला होता, आणि चाचणीच्या आदल्या रात्री फर्मी त्यावर पैजा घेत होते ते थट्टेने. शास्त्रज्ञांनी पृथ्वी पणाला लावून फासे टाकले, अशी समजूत करून घेऊन जो प्रेक्षक घरी जातो, त्याला गणित तपासण्याचे काम कधी दिसलेलेच नसते.

प्रश्न : स्फोटाच्या वेळी सभागृहात टाळ्या वाजल्या आणि मला शरम वाटली. हिरोशिमा मात्र एका दृश्यातही दाखवले नाही. हा अन्याय नव्हे काय? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : टाळ्या वाजवणाऱ्यांवर रागावू नये. त्याच टाळ्या दिग्दर्शकाने थोड्या वेळाने परत केल्या आहेत. हिरोशिमाची बातमी आल्यावर, जेथे बॉम्ब बनवला त्या लॉस अलामॉस येथे सभा भरली आणि तेथे जल्लोष झाला, हे खरे आहे. पडद्यावर त्या सभेतील पायांचा दणदणाट ओपेनहायमर यांच्या कानात बधिर होत जातो आणि समोरच्या मुलीच्या चेहऱ्याची कातडी सुटू लागते. आपल्या सभागृहातील टाळ्या त्या वेळीही चालू होत्या काय, हे आपण लिहिलेले नाही; बहुधा नसाव्यात.

हिरोशिमा न दाखवण्याचे कारण कथनाच्या रचनेत आहे. चित्रपटातील रंगीत (म्हणजे कृष्णधवल नसलेला) भाग ओपेनहायमर यांच्या नजरेतून सांगितला आहे, आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजी ते तेथे नव्हते. हे कारण मला समजते, तरी पुरत नाही. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मरण पावली, असे अंदाज आहेत. चाचणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला राहणारी, किरणोत्सर्गी धूळ झेलणारी न्यू मेक्सिकोची खेडुत माणसे तर ओपेनहायमर यांच्या हाकेच्या अंतरावर होती, आणि तीही या चित्रपटात नाहीत. नजरेची मर्यादा दिग्दर्शकाने पाळली हे ठीक, पण जे नजरेत येऊ शकत होते तेही वगळले गेले. जपानमध्ये हा चित्रपट तब्बल आठ महिन्यांनी, २९ मार्च २०२४ रोजी लागला. आपण सिंहगड रस्त्यावर राहता, म्हणून एक सांगतो : तेथील पु. ल. देशपांडे उद्यान पुणे आणि ओकायामा या शहरांच्या मैत्रीचे आहे, आणि ओकायामा प्रांताच्या पश्चिम सीमेला लागूनच हिरोशिमा प्रांत आहे.

प्रश्न : शेवटचा तास नुसती चौकशी आणि बोलाचाली. आमच्या आसपासचे लोक मोबाईल पाहत बसले. एवढे लांबवण्याची गरज होती काय? (काही वाचक)

उत्तर : होती, कारण विषय बॉम्ब नसून माणूस आहे. १९५४च्या चौकशीनंतर ओपेनहायमर यांचा सुरक्षा-परवाना (सरकारी गुपिते पाहण्याची मुभा) गेला; चौकशी समितीचा कौल दोन विरुद्ध एक आणि अणुऊर्जा आयोगाचा चार विरुद्ध एक होता. तो निर्णय अमेरिकी सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केला. माझा आक्षेप लांबीवर नसून कारणमीमांसेवर आहे. सगळा दोष त्या आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांच्या वैयक्तिक रागाकडे झुकवल्याने कथेला खलनायक मिळतो, परंतु हायड्रोजन बॉम्बच्या घाईला ओपेनहायमर यांनी १९४९मध्ये केलेला विरोध, आणि एका मित्राला वाचवण्यासाठी सुरक्षा-अधिकाऱ्यांना सांगितलेली, पुढे स्वतःच कबूल केलेली बनावट हकीकत, ही कारणे त्या रागाच्या सावलीत जातात.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलाला दाखवावा काय? (एक पालक, बाणेर)

उत्तर : आणखी चार-पाच वर्षे थांबावे. प्रमाणपत्र यू/ए असले तरी त्याला तो कंटाळवाणाच वाटेल.

प्रश्न : आपल्याकडे असा चित्रपट कोणावर निघावा? (दोन-तीन पत्रांतील प्रश्न)

उत्तर : माझे मत दामोदर धर्मानंद कोसंबी यांना. ते गणिती होते आणि १९३०च्या दशकात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असत. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ साली सिद्ध केली. प्राचीन नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासून त्यांतून इतिहास काढला. १९४९च्या वसंतात ते सुमारे दोन महिने प्रिन्स्टनच्या त्या संस्थेत होते, जिचे संचालक ओपेनहायमर होते, आणि त्यांच्याशी त्यांच्या चर्चाही झाल्या. संस्कृत वाचणारे दोन वैज्ञानिक एका छताखाली होते, यासाठी कोणालाही काही कल्पावे लागणार नाही. पुढे कोसंबी शांतता चळवळीत राहिले, आणि भारताने ऊर्जेसाठी अणूपेक्षा सूर्याकडे वळावे, हे त्यांनी १९६०मध्ये पुण्यातील एका व्याख्यानातही मांडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांचा करार १९६२मध्ये पुढे वाढवला गेला नाही.

पटकथा लिहिणाऱ्याला त्या संस्थेचे संचालक होमी भाभा आणि कोसंबी यांची एक जोरदार खडाजंगी रचण्याचा मोह होईल. तो त्याने आवरावा. कोसंबी पुण्यात राहून नोकरीसाठी डेक्कन क्वीनने मुंबईला जात-येत असत. त्या डब्यात खिडकीशी बसलेला, हातात पुस्तक धरलेला माणूस आणि बाहेर धुक्यातला खंडाळ्याचा घाट, एवढे मिळाले तर पहिल्या दिवसाचे तिकीट मी काढीन.