रुग्णाला हात लावला तर?

प्रश्न : माझी मुलगी नेरूळला नर्सिंग शिकते. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्र असल्याने विचारतो, अणुभट्टीच्या अपघातातील रुग्णांपासून डॉक्टर-परिचारिकांना बाधा होते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. मात्र केवळ बाहेरून किरणांचा मारा सोसलेला रुग्ण स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. धोका असतो तो कपड्यांवर, केसांत आणि त्वचेवर बसलेल्या किंवा पोटात गेलेल्या किरणोत्सर्गी धुळीचा. म्हणूनच कपडे उतरवून अंग धुतात. अर्थात, जीव जात असेल तर उपचार आधी. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टी अपघातानंतर जवळच्या प्रिप्यात शहरातील रुग्णालयाच्या तळघरात टाकलेले अग्निशामक जवानांचे कपडे कित्येक दशकांनंतरही किरणोत्सर्गी होते.

त्याच अपघातातील रुग्णांवर उपचार करताना मॉस्कोच्या सहा क्रमांकाच्या रुग्णालयात डॉ. अँजेलिना गुस्कोवा यांच्या पथकाने, उलट्या किती लवकर सुरू झाल्या आणि रक्तातील लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी किती वेगाने घटल्या हे पाहून आजाराची तीव्रता ताडली. तीव्र बाधा झालेल्या १३४ जणांपैकी २८ जण पहिल्या काही महिन्यांतच दगावले. १३ जणांवरील अस्थिमज्जा (हाडांतील रक्तपेशी बनवणारा मगज) प्रत्यारोपणाचा फारसा उपयोग झाला नाही. अस्थिमज्जा करपलेल्या अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती संपते, आणि परिचारिकेच्या हातावरचा साधा जंतूही त्याच्या जिवावर बेतू शकतो.