बाबांना आधी बाग दाखव

प्रिय मुली,

बारावीत आहेस, पुढे टेलिव्हिजन प्रॉडक्शनची पदवी करायची आहे, नाशिकमधल्या एका खासगी संस्थेची फी डोळे पांढरे करणारी आहे, आणि दिंडोरीला द्राक्षबाग सांभाळणारे बाबा विचारतात, "मोबाइलवर सगळेच शूटिंग करतात, त्याला कॉलेज कशाला?" रडू आलं, असं लिहिलंयस. येणारच गं.

पण बाबांचं निम्मं बरोबर आहे. नुसता कॅमेरा चालवायला पदवी लागत नाही. टेलिव्हिजन त्यापुढे सुरू होतं. मी काही वर्षं स्टुडिओत काढली आहेत. पॅनलवर, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, दिग्दर्शक तीन कॅमेऱ्यांची चित्रं एकदम बघतो, टॉकबॅकवर, म्हणजे सगळ्यांच्या कानातल्या हेडफोनवर, "दोन, क्लोज जा... टेक टू" (आता दोन नंबरचा कॅमेरा) म्हणतो, आणि खाली फ्लोअर मॅनेजर बोटांवर उलटे सेकंद मोजत उभा असतो. एकाचं लक्ष उडालं की सगळ्यांचा टेक वाया. हे एकटीला मोबाइलवर शिकता येत नाही.

म्हणून फी भरण्याआधी संस्थेचा स्टुडिओ बघून ये. तो चालू आहे की कुलूपबंद? दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचार, आठवड्यात किती तास हाताला कॅमेरा लागतो. उत्तर गुळमुळीत आलं, तर त्यासाठी कर्ज अजिबात काढायला लावू नकोस. आवडीच्या विषयात साधी पदवी घे आणि पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा दे. तिथल्या टेलिव्हिजन विभागात पदवीधरांसाठी दिग्दर्शन, छायांकन, संकलन, ध्वनी असे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. १९७४ पासून हा विभाग पुण्यात आहे.

मालिकांचं बरंचसं काम मुंबई-ठाण्यात, आणि शिफ्ट बारा तासांची. हे बाबांपासून लपवू नकोस. त्यांना त्यांच्याच भाषेत सांग: छाटणीपासून कितव्या दिवशी कोणती फवारणी, हे ते वहीत मांडतात ना? आमची कॉलशीट, म्हणजे शूटिंगचं वेळापत्रक, तशीच असते. एक दिवस चुकला की पुढचं सगळं चुकतं.

आणि येत्या ऑक्टोबर छाटणीला पहाटेच बागेत जा. कात्रीचा आवाज नीट पकड. वेलीच्या डोळ्यांवर, म्हणजे फुटव्याच्या जागांवर, पेस्ट लावणारे हातमोज्यांतले हात जवळून घे. बरोब्बर तीन मिनिटांची फिल्म कर, सेकंदभरही जास्त नको. रात्री जेवणं झाली की घरच्या टीव्हीवर लाव. फीचा विषय त्यानंतर काढ.

तुझी,
ताई