चर्चमध्ये रांगेत देतात ती पांढरी चकती म्हणजे प्रसादच ना? मग मला का नाही दिली?

तुम्ही लिहिलंय की मित्राच्या लग्नाला वसईत चर्चमध्ये गेला होतात, शेवटी सगळे रांगेत उभे राहिले म्हणून तुम्हीही राहिलात, आणि मागच्या बाईंनी हळूच सांगितलं की हे तुम्हाला घेता येणार नाही. तुम्हाला लागलं असेल. प्रसादाला हात पुढे करावा आणि कोणीतरी तो खाली करायला लावावा, हे कोणालाही लागेलच. मी वसईचाच, कॅथलिक, लहानपणी वेदीवर फादरांच्या हाताखाली काम केलेला. त्यामुळे शिकवणीतलं थोडं आणि घरातलं थोडं, असं सांगतो.

आधी ती चकती. गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स. मीठ नाही, खमीर नाही. दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये पातळ पीठ ओतून दाबायचं आणि गार झाल्यावर गोल कापायचं. आइस्क्रीमच्या कोनातली सगळी गोडी काढून घेतली तर जे उरेल, तशी चव. टाळूला चिकटते, आणि आम्हाला लहानपणी दात लावायचे नाहीत अशी तंबी असे, त्यामुळे जिभेनेच ती सोडवत बसायचो. सिस्टर लोकांच्या मठात गोल कापून झाल्यावर उरलेली कात्रणं आम्हा पोरांना मिळायची, ती मात्र कडाकडा चावून खायचो. कात्रण आणि चकती, पीठ तेच. फरक मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पडतो. येशूचे शब्द फादर त्या भाकरीवर आणि द्राक्षारसावर उच्चारतात, आणि आमच्या श्रद्धेनुसार त्यानंतर ते ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त असतं. दिसायला आणि चवीला तसंच राहतं.

‘भाकर’ हा शब्द मुद्दाम वापरला. मराठी बायबलमध्ये येशू स्वतःला जीवनाची भाकरच म्हणवतो. गंमत अशी की आमच्या घरोघरची तांदळाची भाकर वेदीवर चालत नाही. कॅथलिक नियमाप्रमाणे गहूच हवा आणि द्राक्षांचीच वाइन हवी.

आता प्रसादाचं. हा घोळ आमचाच आहे, कारण आम्हीच त्याला ख्रिस्तप्रसाद म्हणतो. पण प्रसाद येईल त्याला देतात, पुडीत बांधून शेजाऱ्यांकडेही नेतात. माझ्या मते हे जास्त करून पंगतीसारखं आहे.

सुरुवातही जेवणातूनच झाली. पकडला जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. बायबलमधली येशूची चरित्रं म्हणजे शुभवर्तमानं; त्यांतल्या मत्तय, मार्क आणि लूक यांच्या सांगण्याप्रमाणे ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं जेवण होतं. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून यहुदी लोक घाईघाईने निघाले, पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही, त्याची आठवण म्हणून त्या सणात बिनखमिराची भाकर खातात. येशूने ती घेतली, देवाचे आभार मानले, मोडली, वाटली आणि म्हणाला, हे माझं शरीर. प्याला फिरवून म्हणाला, हे माझं रक्त. माझी आठवण म्हणून हे करत राहा. या विधीला ‘युखरिस्त’ही म्हणतात; त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आभार मानणं एवढाच. मराठी बायबलमध्ये त्याला ‘उपकारस्तुती’ असा सुंदर शब्द आहे.

या प्रसंगाचं सर्वांत जुनं लेखन मात्र या शुभवर्तमानांमध्ये नाही. ते येशूचा प्रचार करत फिरणाऱ्या पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, साधारण इ.स. ५४-५५ च्या सुमाराचं. आणि त्याने ते लिहिलं भांडण झालं म्हणून. कशावरून? पंक्तिभेदावरून! तिथे प्रभूच्या नावाने एकत्र जेवण व्हायचं. पण ज्यांच्याकडे होतं ते आपापलं आधीच खाऊन-पिऊन तर्र व्हायचे, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहायचे. पौल भडकला. तुम्हाला खायला घरं नाहीत का, गरिबांना लाजवता का, असं त्याने सरळ विचारलंय. तुम्ही जे जेवता ते प्रभूचं जेवण नव्हेच, इथपर्यंत तो गेला. त्याच रागात पुढे तो लिहितो की प्रत्येकाने आधी स्वतःची पारख करावी आणि मग ही भाकर खावी. अयोग्य रीतीने खाणारा स्वतःवरच दोष ओढवून घेतो.

तुम्हाला थांबवणाऱ्या नियमामागे हीच ओळ आहे. जो बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) झालेला कॅथलिक आहे, जो हे शरीर आहे असं मानतो आणि ज्याच्या मनावर मोठं पाप नाही, त्यानेच घ्यायचं. फादर चकती पुढे धरून ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणतात आणि आपण ‘आमेन’ म्हणतो, म्हणजे ‘होय, तसंच आहे’. जे मानत नाही त्याला ‘होय’ म्हणायला लावू नये, एवढाच त्यामागचा विचार. तुमची जात त्यात येत नाही. अर्थात आमचेही हात सगळे स्वच्छ नाहीत. दक्षिणेतल्या काही चर्चमध्ये दलितांना वेगळं बसवून, वेगळा प्याला देऊन हाच विधी झालेला आहे. पौलाने ते पाहिलं असतं तर दुसरं पत्र लिहिलं असतं.

सगळे ख्रिस्ती हे एकसारखं मानत नाहीत. नगरकडचे माझे प्रोटेस्टंट मित्र याला प्रभुभोजन म्हणतात. प्रोटेस्टंट पंथाचे सुरुवातीचे पुढारी लूथर आणि झ्विंग्ली १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्ग गावी, त्या भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरंच असतं का यावर चर्चेला बसले आणि त्यावर एकमत न होताच उठले.

आता घरातलं. विहिरीच्या पाण्यावरून बाबांचं आणि थोरल्या काकांचं फाटलं होतं, प्रकरण कोर्टात गेलं होतं. बाबा दर रविवारी मिस्साला यायचे, पण ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकावरच बसून राहायचे. आम्ही त्यांचे गुडघे ओलांडून रांगेत जायचो. गावात कोण उठतं नि कोण बसतं हे सगळ्यांना दिसतं, तरीही. वेदीपाशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. बाबांनी ते शब्दशः घेतलं होतं. फादर त्यांना कन्फेशनला, म्हणजे पाप कबूल करायला, या म्हणाले, तर बाबांचं उत्तर, ‘पाप सांगेन, पण त्याच्याशी बोलणार नाही, मग काय उपयोग?’ तीन वर्षं असं चाललं.

म्हणून त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद न घेतलेले तुम्ही एकटेच होता असं समजू नका. पुढच्या वेळी रांग लागली की खुशाल बसून राहा, एरवी मिस्सात बाकीचे उभे राहतील तेव्हा उभे राहा. काही वाटून घेऊ नका. आणि लग्नाच्या जेवणाला कोणी अडवलं तर मला कळवा!

काकांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आई एकटीच जाणार होती. ऐनवेळी बाबा सदरा घालून बाहेर आले. मांडवात काकांनीच त्यांच्या पानात वाढलं. बोलणं झालं ते एवढंच: ‘अजून घे’, ‘पुरे’. पुढच्या रविवारी बाबा रांगेत होते, काका त्यांच्या पुढे दोन माणसं सोडून. विहिरीचा दावा त्यानंतर आणखी चार वर्षं चालला.